आईसाहेबांच्या तेजशेल्याची घडी कोणी मोडली त्याची हकीकत

श्री

आधी समईतील वात, मग डोंगरावरील आई डोंगरजाई, मग ज्याने दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकोन घेतले त्याचे कान, ऐशा तिहींस हात जोडोन हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथील लोकांस ते ठाऊकच आहे आणि इतरांस त्याचा उपयोग नाही, आईसाहेब गादीवर बसोन राज्य करीत होत्या. वय अडुसष्ट, दात शाबूत, नजर घारीची, परंतु तीन वर्षांमागे दोन्ही कान गेले. वैद्य जाहले, हकीम जाहले, कानात घालावयाची यंत्रे जाहली, त्या यंत्रांतून माणसाचा शब्द न येता कोणी भांडी घासावी ऐसा आवाज येई, म्हणोन आईसाहेबांनी ती काढोन सुपारीच्या डब्यात ठेविली. मग सदरेत रिवाज पडला की सर्वांनी ओरडोन बोलावे, आणि लोक ऐसे ओरडू लागले की छपरातील कबुतरे बिऱ्हाड उचलोन देवळात गेली, तरी आईसाहेबांस काही ऐकू येईना. मग कारभारी विसाजीपंत गादीच्या उजवे बाजूस उभे राहोन फिर्यादीचे सार कानाशी तोंड नेऊन सांगू लागले. पंत माणूस वाईट नव्हेत, परंतु जेवणाची वेळ त्यांस फार प्रिय. एकदा कोंडाई म्हणोन एक म्हातारी आली, तिने घटकाभर सांगितले की विहीर सासऱ्याने खणली, दिराने बुजविली, आणि त्या विहिरीत तिने हाताने पाळलेले कासव होते, त्यास आधी बाहेर काढिले की नाही हेही दीर सांगत नाही, आणि सांगता सांगता ती रडली, आणि पंत कानात ओरडले, "पाणी!" आईसाहेबांनी पुसले, "एवढंच?" पंत विचार करोन म्हणाले, "आणि कासव!" म्हातारी डोळे पुसोन घरी गेली.

ऐसे चालता चालता पंतांनी विनंती केली की आईसाहेबांनी उगीच श्रम का घ्यावेत, दसऱ्यापासून फिर्यादी आपण एकटेच ऐकू, आईसाहेबांनी फक्त शिक्का उठवावा. तैसी सनदही लिहोन ठेविली. आईसाहेब सनद वाचोन बोलिल्या, "दसऱ्याला अजून अवकाश आहे, पंत," आणि पदर ओढीत बसल्या. विचार करिताना पदर ओढावा ही त्यांची लहानपणची सवय, त्यापायी किती लुगड्यांचे काठ विरले त्याची गणती नाही.

आता पटवेआळीत सगुणाबाई पटवेकरीण राहात असे. सोन्याचे मणी रेशमाच्या दोऱ्यात ओवावे, गळ्यातल्या पोती गाठाव्या, हा तिचा धंदा. वय पन्नास, चातुर्मासात एकभुक्त, तुळशीस रोज एकशे आठ प्रदक्षिणा, आणि बारमाही नेम ऐसा की आपल्या हातून जे नवे होईल ते ज्याचे त्याच्या आधी कोणी वापरू नये. आवाज इतका हळू की शेजारची म्हाळसा म्हणे, "सगुणाबाई, तुमचं बोलणं ऐकायचं तर मांजराचा जन्म घ्यावा लागेल." त्या बाईवर आईसाहेबांचा एक उपकार होता. पंधरा वर्षांमागे तिचा नवरा वारला आणि दीर म्हणाले की बाईमाणसाने गाळ्यावर बसू नये, तेव्हा ती सदरेत आली आणि त्याच हळू आवाजात बोलू लागली, आणि कोणासच ऐकू येईना. मग आईसाहेब गादीवरून उठल्या, जाजमावर तिच्या समोर येवोन बसल्या, आणि भिंतीवरील ऊन उंबऱ्याबाहेर जाईतो ऐकत राहिल्या, मधे एक शब्द बोलिल्या नाहीत, आणि शेवटी इतकेच म्हणाल्या, "गाळा यांचाच." सगुणाबाई नमस्कार करोन तशीच घरी गेली. पुढे म्हणे, एक गोष्ट आईसाहेबांस सांगायची राहिली आहे, सवडीने सांगेन. ती सवड होईतो आईसाहेबांचे कान गेले. आता ती गोष्ट ओरडोन सांगण्याजोगी नव्हती, आणि पंतांच्या तोंडून सांगण्याजोगी तर मुळीच नव्हती.

इकडे यंत्रशाळेचे मुख्य भास्करराव सोनटक्के यांनी काचेची पाटी करोन आणिली. समोरचा बोले ते तीवर अक्षरांनी उमटे. आईसाहेबांस कौतुक वाटले, परंतु चौथे दिवशी त्या म्हणाल्या, "भास्करराव, पाटी धरली की माणूस दिसत नाही, माणूस पाहिला की पाटी पडते. तीन फुटल्या. मला अंगावरचं काहीतरी द्या, शेल्यासारखं. मांडीवर पसरेल, हातावर घेता येईल, रोज घडी घालून ठेवता येईल. आणि मी ओढणार, हे आधीच सांगते." भास्कररावांनी होय म्हटले आणि बाहेर येवोन कपाळास हात लाविला. त्यांस दिवे करिता येत, खसखशीएवढे बारीक, दर दिव्यास आपापला रंग, परंतु ते दिवे मऊ रबरावर मांडोन तारांनी जोडिले आणि पट ओढिला तो सगळ्या तारा एकदम तुटल्या, जैसे जत्रेत हात सुटावे. मग कोणी सुचविले की ओवण्याचे काम ओवणारणीस पुसावे, म्हणोन सगुणाबाईस बोलाविले. तिने तुटका पट डोळ्यांजवळ नेला, बोट फिरविले आणि काही बोलिली. भास्करराव म्हणाले, "काय म्हणालात?" ती पुन्हा बोलिली. भास्करराव खाली वाकले. "मणी ताणायचा नसतो, रावसाहेब. दोऱ्यात ढील ठेवायची असते."

मग तैसीच तजवीज केली. दर दिव्यास मोहरीएवढ्या टणक खवल्यावर बसविले, म्हणजे ओढ लागली तरी दिव्यास कळू नये, आणि खवल्याखवल्यांमधील तार सरळ न नेता नागाच्या चालीने वळणे देत नेली, म्हणजे पट ओढिला की वळणे उलगडावी आणि सोडिला की पुन्हा वेटोळी व्हावी. काठात हरभऱ्याएवढे ऐकणारे यंत्र शिविले, तेच अक्षरे उमटवी. मग तो पट चाकास बांधोन वीस हजार वेळा ओढिला आणि सोडिला, एक दिवा विझला नाही. वेळूवर गुंडाळिला, उलगडिला, पुन्हा गुंडाळिला, तरी विझला नाही. यंत्रशाळेत पेढे वाटिले. परंतु घडी घालोन आणि मोडोन कोणी पाहिले नाही. याचे कारण ऐसे की त्या राज्यात नव्या वस्त्राची घडी मोडणे म्हणजे मोठा मान. ज्यास वस्त्र द्यावयाचे त्याच्या हातूनच घडी मोडावी, दुसऱ्याने मोडली तर ते वस्त्र जुने जाहले, ते थोरांस देऊ नये. आणि एका ताग्याचे सगळे तुकडे एकच वस्त्र धरावे, म्हणोन नमुन्याच्या तुकड्याचीही घडी कोणी मोडीना. वीस हजार वेळा ओढणारे हात होते, एकदा घडी मोडील ऐसा हात यंत्रशाळेत नव्हता. सगुणाबाईचा नेम तर सर्वांस ठाऊकच. तिने शेवटचा टाका घातला, शेल्याची चौघडी केली, वर हळदीकुंकू वाहिले आणि नारळी पौर्णिमेच्या तीन दिवस आधी शेला वाड्यात पाठविला.

वाड्यात ठकूबाई म्हणोन आईसाहेबांची जुनी दासी. तिने घडी पाहिली, म्हणाली, बरी बसलेली नाही, आणि सगळी लुगडी जेथे ठेवी तेथेच शेला ठेविला, म्हणजे आईसाहेबांच्या गादीखाली. तेथे तो तीन दिवस राहिला. पौर्णिमेस सदर भरली, आईसाहेबांनी घडी मोडली, शेला मांडीवर पसरला, आणि पहिला फिर्यादी बोलू लागला, तो शेल्यावर अक्षरे लखलख उमटली, आणि लखलखाटामधून बोटभर रुंद दोन काळ्या पट्ट्या, एक उभी एक आडवी, जैसी पुसलेल्या पाटीवर ओली बोटे. दर ओळीचा मधला शब्द गायब. फिर्यादीने कोणास मारिले की त्यास कोणी मारिले हेच कळेना. आईसाहेबांनी शेला उलटा केला, सुलटा केला, मग हळूच बाजूस ठेविला. सगुणाबाई पुढे येवोन म्हणाली, "आईसाहेब, चूक घडीची आहे, शेल्याची नाही. मला दसऱ्यापर्यंत मुदत द्या." ते कोणास ऐकू आले नाही. आईसाहेबांनी पंतांकडे पाहिले. पंत कानाशी वाकोन ओरडले, "माफी मागते!" आईसाहेब म्हणाल्या, "माफी कसली? काय झालं ते सांग म्हणावं." सगुणाबाई पुन्हा बोलिली, आणि पंत पुन्हा ओरडले, "फार माफी मागते!" मग आईसाहेब थकोन म्हणाल्या, "दसऱ्याला सनद आणा, पंत." पंतांस ते एकदाच सांगावे लागले.

तेव्हा सगुणाबाई घरी आली आणि तुळशीस प्रदक्षिणा घालू लागली, आणि एकशे आठ कधी जाहल्या ते न कळोन दोनशे जाहल्या. तिच्या मनात एकच घोळत होते की दसऱ्यानंतर त्या सदरेत कोणी कोणाचे ऐकणार नाही, आणि आपली गोष्ट तर राहिलीच. दुसरे दिवशी यंत्रशाळेत जावोन तिने तो शेला घडीवर चिरिला. पाहते तो घडीच्या बाहेरल्या अंगास तारा ताणोन तुटलेल्या. तिने चट्कन ओळखिले, कारण पेटीतल्या जुन्या शालूची जरतारही घडीवरच तडकते, म्हणोन तर बाया दर सहा महिन्यांनी शालूच्या घड्या बदलितात. मग तिने बोटभर जाड लोकरीचा बुरणूस घेतला, त्यात मण्यांचे तीन दोरे ओविले, एक वरच्या पृष्ठाशी, एक खालच्या पृष्ठाशी, एक बरोबर मधोमध, आणि बुरणूस कचकन दुमडिला. वरचा दोरा तुटोन मणी यंत्रशाळाभर पळाले. खालच्या दोऱ्याचे मणी एकमेकांवर चढोन चिरडले. मधला दोरा जैसा होता तैसा, जणू त्यास कोणी काही विचारिलेच नाही. भास्करराव गुडघ्यांवर बसोन मणी वेचीत होते, ते वेचता वेचता थांबले. सगुणाबाई म्हणाली, "दिवे कुठे बसवलेत, रावसाहेब?" भास्करराव म्हणाले, "अगदी वर. केसाएवढ्या पापुद्र्याखाली. उजेड झळकावा म्हणून." "मधे बसवा. खाली जेवढं रबर, वर तेवढंच." "अहो, उजेड बुडेल." "वरचं रबर तुपासारखं निवळ करा." "तूप थिजतं, बाई." "मग अजून कढवा." भास्करराव हसले आणि खरोखरच कढवू लागले, अकरा वेळा कढविले, बाराव्या वेळी रबर ऐसे निवळले की त्यातून पंचांग वाचता आले.

नवा तागा तयार जाहला, परंतु त्याची घडी मोडावी कोणी? भास्कररावांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाले, "शास्त्र आड येत नाही हो. हातच होत नाही." कारागीर म्हणाले, आमच्याही हातून होणार नाही, घरी बायको विचारील. सगुणाबाईचा तर नेमच. मागला शेला घडी न मोडता दिला म्हणोन फसला, याची घडी मोडावी तर आईसाहेबांस देता येत नाही, ऐसा पेच. दोन दिवस तागा तैसाच पडोन राहिला. तिसरे दिवशी शुक्रवार, डोंगरजाईस ओटी भरावयास गेली, तो गुरव विठू आईच्या अंगावरील कालचे लुगडे उतरवोन एका लेकुरवाळीस प्रसाद म्हणोन देत होता, आणि ती बाई ते डोळ्यांस लावोन घेत होती. सगुणाबाई तेथेच उभी राहिली. मग विठूस विचारिले, "गुरवबाबा, हे लुगडं आईनं नेसलेलं. मग ते जुनं झालं का?" विठू कानास हात लावोन म्हणाला, "जुनं? सगुणाबाई, आईनं घडी मोडली की ते वस्त्र जुनं होत नाही, प्रसाद होतं. मग नेसा, धुवा, पाळण्याला बांधा. दोष नाही." सगुणाबाईने ओटी भरिली, घरी येवोन त्या दिवशीचे एकभुक्त दोन घास अधिक जेविली, आणि दुसरे दिवशी सबंध ताग्याची घडी करोन पालखीतून डोंगरावर नेला. विठूने घडी आईच्या हातास लावोन मोडली आणि तागा तिच्या खांद्यावरून पांघरविला. आई एक प्रहर त्या पटात बसली, आणि गाभाऱ्यात जो मंत्र म्हणावा तो आईच्या अंगावर अक्षरांनी उमटे, त्यात विठूचे तीन उच्चार चुकीचे निघाले, ते त्याने त्याच दिवशी सुधारिले.

त्याउपरी जी घडीची मोहीम जाहली तीस तोड नाही. पटवेआळीतील नऊ बाया पाळीपाळीने बसल्या, चौघडी घालावी, हाताने दाबावी, मोडावी, पुन्हा घालावी, आणि घडी मोजावयास दर वेळी एक मणी ओवावा. म्हाळसा म्हणे, "आयुष्यभर नवऱ्याचे कपडे घडी केले, त्यानं कधी दिवा लावला नाही. हे बरं." चाळीस हजार मणी ओविले, दिवे सर्व शाबूत. मग गादीखालची परीक्षा राहिली. ठकूबाईस विचारिले की आईसाहेबांचे वजन किती, तिने सांगण्यास साफ नकार दिला, म्हणोन भास्कररावांनी अंदाज दुप्पट धरोन तालमीतील भीमाप्पा पैलवान आणविला आणि त्यास हुकूम केला की एकवीस दिवस या गादीवर बसावे, जेवावे, झोपावे, उतरू नये. भीमाप्पा म्हणाला, "आणि काय करायचं?" भास्करराव म्हणाले, "एवढंच." भीमाप्पास वाटले आपली थट्टा होते आहे, परंतु दोन्ही वेळ दूध येवू लागले तेव्हा त्याची खात्री पटली, आणि बाविसाव्या दिवशी त्यास उठवावयास चौघे लागले. गादी काढिली, घडी मोडली, दिवे लाविले. सगुणाबाईने घडीच्या जागेवरून अंगठा फिरविला, मग डोळे मिटोन फिरविला. कोठे काळे नाही, कोठे हातास खरखर नाही. दर दिव्यास एकेकदा हात लावावा ऐसे तिला वाटले, मग दिवे चार लाख आहेत हे आठवोन तिने तो विचार सोडिला.

दसऱ्यास सदर भरली. पंत सनद घेवोन उजवे बाजूस उभे, डावे बाजूस ठकूबाई त्याच ताग्याचा शेला घेवोन. तोही गादीखालूनच काढिलेला, कारण ठकूबाई सवय सोडणार नव्हती. आईसाहेबांनी शेला मांडीवर घेतला, घडी मोडली. तो पंत मागे वळोन चिटणिसाच्या कानात हळूच म्हणाले, "देवीनं आधीच मोडलेली घडी. शिळं नेसवतायत गादीला. बघाल, हाही घटकाभरात विझेल." आईसाहेब मांडीवरील अक्षरे वाचोन म्हणाल्या, "विझेल तेव्हा विझेल, पंत. पण देवीचा प्रसाद शिळा कधीपासून झाला?" पंतांनी हातातली सनद पाठीमागे नेली. सदरेत ऐसी शांतता जाहली की जी माणसे तीन वर्षे ओरडत होती ती गप्प, आणि जी त्यांच्या आडून कुजबुजत होती ती त्याहूनही गप्प. आईसाहेबांनी शेला हातावर गुंडाळिला, पाहिला, दोन्ही टोके धरोन ओढिला, मग चौघडी करोन तीवर कोपर टेकविले, पुन्हा मोडली, आणि अक्षरे एकसंध उभी, मधे पट्टी नाही, रेघ नाही. मग म्हणाल्या, "त्या विहिरीवाल्या आजीबाईंना बोलवा." कोंडाई आली. सवयीने ओरडू लागली. आईसाहेब म्हणाल्या, "हळू बोला, आजी. घशाला त्रास कशाला?" मग तिने सासऱ्यापासून कासवापर्यंत सर्व सांगितले, आईसाहेब शेला ओढीत ऐकत राहिल्या, आणि हुकूम जाहला की दिराने आठ दिवसांत विहीर उपसोन द्यावी, आणि कासव जिवंत असेल तर त्यासमक्ष माफी मागावी. सनदेचा विषय कोणी काढिला नाही. पंतांनी ती घडी घालोन बाराबंदीत ठेविली, आणि तो कागद असल्यामुळे घडीवर फाटला.

शेवटी आईसाहेबांनी सगुणाबाईस पुढे बोलाविले आणि विचारिले, "काय हवं?" सगुणाबाईने मान हलविली, काही नको. मग थोडी थांबोन आपल्या आवाजात, ज्यास मांजराचा जन्म लागतो त्या आवाजात, बोलिली. भास्करराव तीन हातांवर होते, त्यांस ऐकू आले नाही. शेल्यावर उमटले ते ऐसे. "आईसाहेब, त्या दिवशी आपण जाजमावर उतरून बसलात. हे सांगायचं राहिलं होतं. त्यानंतर मी आजवर कोणाचं बोलणं मधे तोडलं नाही." आईसाहेबांनी ती ओळ एकदा वाचिली, बोट फिरवीत पुन्हा वाचिली. मग गादीवरून उठल्या, गुडघे धरीत जाजमावर उतरल्या, सगुणाबाईच्या समोर बसल्या आणि शेला दोघींच्या मांडीवर पसरोन म्हणाल्या, "पंधरा वर्षं म्हणजे अजून बरंच असेल. सांगा, मला घाई नाही." भिंतीवरचे ऊन उंबऱ्याकडे सरकू लागले, वाड्यात पाने मांडिल्याची वर्दी दोनदा येवोन गेली, आणि पंत प्रथमच जेवणास उशीर करोन उभे राहिले.

येणेप्रमाणे तेजशेल्याची हकीकत. नाजूक वस्तू वर झळकत ठेविली तर तुटते, तळाशी ठेविली तर चिरडते, मधोमध ठेविली तर घडीस टिकते, हे सगुणाबाईने जाणिले. घडी आईने मोडली, सदर आईसाहेबांची राहिली, कबुतरे परत छपरात आली. कासव जिवंत निघाले. आणि त्या राज्यात ओरडण्याची चाल संपली. ऐसी ऐकिली तैसी लिहिली, न्यून असेल ते ज्यांनी ऐकिले त्यांनी पुरे करावे.